इब्राहिमभाईंनी हरून दाखवलं

बातमी मला एसटीतच कळली. वेंगुर्ल्याहून काजूची दोन कलमं घेऊन मी परतत होते. गाडी स्टँडातून बाहेर पडली आणि तिकीट द्यायला आलेला तरुण कंडक्टर माझ्या गावाचं नाव ऐकून जरा थांबला. म्हणाला, "बाईंनु, ते निवृत्त कंडक्टर इब्राहिमभाय तुमच्याच गावचे मां? सकाळी गेले ते. डेपोत फोन इलो होतो." एवढं बोलून तो पुढच्या सीटकडे गेला. मला आधी त्या पोराचाच राग आला. असं काही सांगायचं आणि लगेच पुढच्याचे सुट्टे मोजायला लागायचं... मग आठवलं की पंचवीस वर्षं गावोगावच्या मरणाच्या बातम्या मला इब्राहिमभाईंनीच अशा दिल्या होत्या, तिकीट फाडता फाडता. त्यांच्या बातमीने तरी दुसऱ्या कुठल्या वाटेने यायचं?

मी पोचले तेव्हा जनाजा निघून गेला होता. बायका कब्रस्तानात जात नाहीत, त्यामुळे मला कुठे जावं हा प्रश्न नव्हता. मी सरळ त्यांच्या घरी गेले आणि मरियमबींच्या शेजारी चटईवर बसले. मरियमबी म्हणजे त्यांची बायको. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "पहाटे फजरची नमाज पढान इले, पायरीर बसले, चाय मागल्यानी. मी चाय घेऊन येयसर..."

त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. इब्राहिमभाई काही मोठे पुढारी नव्हते. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या आमच्या खाडीकाठच्या गावात मुस्लिमवाडीची जी मशीद आहे, तिचे ते मुतवल्ली होते. म्हणजे मशिदीचा कारभार बघणारे. पोटासाठी एसटीत कंडक्टर. त्यांच्यावर पेपरच्या पुरवणीत लिहायचं ते एका कारणासाठी. रोज संध्याकाळी टीव्हीवर चार माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत असतात, इस्लाम आणि लोकशाही एकत्र नांदू शकतात की नाही. मी त्या प्रश्नाचं उत्तर देणारी कोण? शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. पण त्या प्रश्नाला एका माणसाने स्वतःच्या दारात, स्वतःच्या खर्चाने उत्तर दिलेलं मी जवळून पाहिलं आहे. खर्च म्हणजे पैशाचा नव्हे.

माझी शाळा आमच्या गावापासून चौदा किलोमीटरवर होती आणि सकाळच्या गाडीला बहुतेक वेळा इब्राहिमभाई असायचे. उंच, सडपातळ, दाढी नीट कातरलेली, खाकी शर्टाला इस्त्री. गाडीत आमदारांसाठी राखीव सीट असे. त्या सीटवर आमदार बसलेला मी जन्मात पाहिला नाही, पण भाई ती बाजारातून येणाऱ्या एखाद्या म्हातारीला द्यायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "बस गो आये, आमदार येयसर तूच आमदार." म्हातारी लाजायची, गाडी हसायची. कुणी दांडगा मधेच घुसला तर त्याला ते खाली उतरवून पुन्हा रांगेत उभा करत. सरपंचाच्या भावालाही एकदा केला होता. हे सगळं मी रोज पाहत होते, आणि तरी त्यातून मला काही कळलं नव्हतं, हे आता लिहिताना लाज वाटते.

कारण एकदा कुडाळला निवडणुकीचं प्रशिक्षण आटोपून मी आणि माझी एक सहकारी त्याच गाडीने परतत होतो. मी केंद्राध्यक्ष, त्यामुळे अंगात जरा वारं भरलेलं. बोलता बोलता मी तिला म्हणाले, "यांच्या वाडीत कसली डोंबलाची लोकशाही? मौलाना म्हणेल तिथे शिक्का." भाई मागेच उभे होते. मला ते दिसले, आणि त्यांना ऐकू गेलं हेही दिसलं. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, आता हा माणूस आपल्याशी बोलणं टाकणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिकीट फाडताना म्हणाले, "बाईंनु, एक विचारू? तुमच्या देवळात पालखीक पयलो खांदो कोणाचो?"

"आमच्या घराचा," मी म्हटलं. अभिमानाने म्हटलं, खोटं कशाला सांगू. माझ्या सासरचे लोक मानकरी आहेत.

"कोणी मत दिल्यानी?"

मी पर्समधले सुट्टे चाचपायला लागले. ते म्हणाले, "मशिदीची चावी माज्या आज्याकडे होती, मगे बापाशीकडे, आता माज्याकडे. माका पण कोणी मत दिल्यान नाय. तुमी आणि मी एकाच गाडीतली माणसा. तिकीट घेवा." आणि ते पुढे गेले. चौदा किलोमीटर मी खिडकीबाहेर बघत बसले. आमची खरी मैत्री त्या दिवसापासूनची.

तर ही मुतवल्लीपदाची गोष्ट त्यांना आतून खुपत होती, पण खुपणं आणि सोडणं यात फार अंतर असतं. चावी त्यांच्याकडेच राहिली. जमातीचे, म्हणजे मशिदीशी जोडलेल्या घरांतले, लोक त्यांना मान देत. ते आले की माणसं उठून उभी राहत, आणि ते त्यांना आवडायचंही. मग निवृत्तीनंतर त्यांनी मशिदीच्या छपराचं काम काढलं. जुनी कौलं दर वर्षी परतावी लागत, माकडं नाचत. भाईंनी ठरवलं की स्लॅब घालायचा. शुक्रवारच्या नमाजनंतर त्यांनी सगळ्यांना विचारलं, कोणाचं काही म्हणणं आहे का. सगळे म्हणाले, "भायनी सांगला म्हणजे झाला." स्लॅब झाला. पावसाळा लागला आणि सगळं पाणी किब्ल्याच्या भिंतीकडे येऊन साचायला लागलं, म्हणजे नमाज पढताना ज्या दिशेला तोंड करतात नेमकं तिथेच. पहिली रांग भिजलेल्या चटईवर उभी.

वाडीत युनूस नावाचा तरुण आहे, होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. तो वर चढून स्लॅबचा उतार बघून आला आणि सहज बोलून गेला, "ढाळ उलटो आसा. घालतानाच दिसत होतो."

"मगे तेवाच बोललंस कित्याक नाय?"

"तुमच्यासमोर कसो बोलतलंय, भाय?"

त्या संध्याकाळी भाई माझ्या ओट्यावर येऊन बसले. चहा तसाच निवला. त्यांनी वाडीत घरोघर फिरून विचारलं होतं आणि हळूहळू बाहेर पडलं होतं की ढाळ चुकतोय हे निम्म्या वाडीला माहीत होतं. गवंड्यालाही होतं. "बाईंनु, सगळ्यांका ठावक आणि माका एकट्याक नाय. ह्यो कसलो मान? मान देऊन देऊन माका आंधळो केल्यानी ह्यांनी." उठताना म्हणाले, "मुतवल्ली मतान निवडूचो. तीन-तीन वर्सांसाठी. माका काढूक येता असां त्यांका कळल्याशिवाय ती माज्यासमोर खरा बोलूची नाय."

जमातीत मोठाच गलका झाला. मी तिथे नव्हते, पण भाईंनी सगळं साग्रसंगीत सांगितलं, विरोधकांच्या आवाजासकट. सगळ्यात जोर हाजीचाचांचा होता. हाजीचाचा वाडीतले सर्वांत वडील, आयुष्य बोटीवर काढलेले. त्यांचं म्हणणं, सत्ता अल्लाची. माणसांनी बोटं वर करून काय ठरवणार? हे सरकारचे खेळ सरकारात. मशिदीत नकोत. आणि हे म्हणणारे ते एकटेच नव्हते. भाई त्यांना म्हणाले, "हुकूम अल्लाचो, तो मतान बदलूक कोण निघालो? पाच वेळची नमाज चार करूची काय, ह्याचा मत कोणी मागूक नाय. पण छप्पर कौलाचा का स्लॅबचा, ता त्येनी आमच्यावर सोडलेला आसा. आणि आमी काय केला? एका माणसाक विचारला, बाकीच्यांनी मानो हलयल्यानी." मग त्यांनी मशवऱ्याची गोष्ट काढली. आपसांत सल्लामसलत करून ठरवा हे दीनातच, म्हणजे धर्मातच सांगितलं आहे, आणि पैगंबरांच्या मागे पहिले खलिफा बसले ते कुणाच्या बापाची गादी म्हणून नव्हे, मंडळी जमली, वाद घातले, मग हातात हात दिले. हाजीचाचा म्हणाले, पुढे राजे झालेच की. भाई म्हणाले, "झाले. ती माणसांची हौस. दीनाचो हुकूम नव्हतो."

मशिदीचे मौलाना वयाने लहान, रत्नागिरीकडचे. दोन्ही बाजू त्यांच्याकडे गेल्या. त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, "नमाज कशी पढायची ते मला विचारा. छप्पर कसं घालायचं आणि कोणी घालायचं ते तुमच्यात ठरवा. फक्त भांडून एकमेकांचे सलाम तोडू नका." मला मौलानांबद्दल जे काही वाटत होतं, ते त्या दिवशी मुकाट्याने बदलून घ्यावं लागलं.

तरी माझ्यातली नागरिकशास्त्राची बाई गप्प बसेना. मी भाईंना एकदा विचारलंच, की मग जगात इतक्या ठिकाणी तुमच्या धर्माच्या नावाने राजे आणि लष्करवाले बसलेत, त्यांचं काय? ते म्हणाले, "बाईंनु, त्या देशांनी मी तिकीट फाडूक नाय गेलंय. ज्येका गादी सोडूची नसता तो हाताक लागात तो धर्म धरता. तुमच्याकडे नाय काय असले?" आहेत, मी म्हटलं. "मगे माका माज्या मशिदीचा विचारा. तितक्याच माका निस्तरूचा आसा." मला हे उत्तर तेव्हा पळवाट वाटलं होतं. आज तसं वाटत नाही. एवढा मोठा प्रश्न माणसाला पेलेल इतका लहान करून घेणं आणि मग तो खरोखर पेलणं, हे करणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

भाईंना संत करायचा माझा विचार नाही. बायकांना मत असावं हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. आमच्या भागात बायका मशिदीत नमाजला जात नाहीत, तेव्हा मत कशाचं, असं त्यांना वाटत होतं. मरियमबींनी त्यांना जेवायला वाढलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी साचला तेवा नमाज सुटल्यार बादली घेऊन कोण येता? चटयो सुकत कोण घालता? माका न विचारता स्लॅब घातलात. आता माका न विचारता मतदान घेतास?" भाई म्हणाले, आधी पुरुषांचं होऊ दे, मग बघू. त्यावर मरियमबींनी चार दिवस त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलणं ठेवलं. पाचव्या दिवशी भाई माझ्या ओट्यावर. "बाईंनु, बायकांची मता घेऊक बाई व्हयी. आणि ती आमच्यातली नको. आमच्यातली म्हणजे कोणाची तरी मावशी, कोणाची तरी सून. तुमी या." अशी मी, गावच्या रवळनाथाच्या मानकऱ्यांची सून, मशिदीच्या निवडणुकीची अधिकारी झाले. आमच्या घरात चार दिवस कुजबुज झाली. माझ्या दिरांनी तर विचारलं, तिथे जाऊन काय करणार? मी म्हटलं, मतं मोजणार, दुसरं काय येतं मला?

खरी पंचाईत पुढे झाली. मुतवल्लीसाठी भाईंच्या विरुद्ध उभं राहायला कुणी तयारच होईना. अर्ज एकच, तोही त्यांचा. वाडी खूश, कारण मतदानही होणार आणि भाईच राहणार. शेवटी भाई स्वतः युनूसच्या गॅरेजवर गेले. युनूस इंजिनाखालून बाहेर आला, हात पुसत. "तू उभो ऱ्हव," भाई म्हणाले. "तुका ढाळ कळता."

"भाय, मी तुमच्या विरोधात?"

"विरोधात कित्याक? बाजूक उभो ऱ्हव. लोक बघतले कोण उंच ता."

मला वाटतं, भाईंना आपण निवडून येणार याची खात्री होती. म्हणूनच ते इतके ऐटीत होते. निवडून येऊन, मग मान ताठ करून चावी खिशात घालायची, असं काहीसं मनात असणार. त्यात काही वाईट नाही. माणूसच होते ते.

मतदान मशिदीला लागून असलेल्या मदरशाच्या खोलीत झालं. सकाळी बायका, दुपारनंतर पुरुष. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी चिठ्ठीवर भाईंच्या नावापुढे एसटी काढली होती आणि युनूसच्या नावापुढे होडी. एक म्हातारी चिठ्ठी घेऊन पडद्यामागे गेली आणि परत बाहेर आली. मला हळूच विचारते, "भायनी खंय फुली मारूक सांगितल्यानी?" मी म्हटलं, कुणी काही सांगितलेलं नाही, तुम्हाला वाटेल तिथे मारा. ती पुन्हा आत गेली आणि इतका वेळ बाहेर येईना की मला काळजी वाटली. बाहेर आली तेव्हा चिठ्ठीच्या सात घड्या घातलेल्या होत्या. म्हणाली, "माका काय वाटता ता शोधूक वेळ लागलो गो."

भाई नऊ मतांनी हरले.

मी तीन वेळा मोजलं. अधिकारी म्हणून एकदा पुरे होतं, पण मी मोजतच राहिले. तिसऱ्या वेळी भाई दारातून म्हणाले, "बाईंनु, तीनदा मोजून तिकिटा वाढत नाय." युनूसचा चेहरा रडवेला झालेला. तो पुढे येऊन म्हणाला, "भाय, माका नको. तुमीच ऱ्हवा." आणि मला सांगायला हवं, त्या क्षणी सगळ्या खोलीला हेच हवं होतं. हाजीचाचा तर लगेच बोलायलाही लागले की झालं ते झालं, पोराने मोठेपणा दाखवला, आता विषय संपवा. भाईंनी फक्त होय म्हणायचं होतं. कुणी त्यांना नाव ठेवलं नसतं. उलट सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता, मीही.

भाईंनी खिशातून चावीचा जुडगा काढला. "नको म्हणशीत तर ह्या सगळ्यांची मता तू फेकून देतंस," ते युनूसला म्हणाले. "चार्ज घे." आणि एकेक चावी वेगळी करून दाखवायला लागले. ही पुढच्या दाराची, ही नमाजआधी हातपाय धुवायच्या, वजूच्या पंपाची. "मागच्या दाराची वाकडी आसा, उलटी घालूक लागता. जोर करू नको, मोडात." ड्यूटी संपल्यावर पुढच्या कंडक्टरच्या हाती गाडी सोपवावी, तितक्याच साध्या आवाजात. युनूसने चाव्या घेतल्या. मग ते घरी निघून गेले आणि आठवडाभर माझ्या ओट्याकडे फिरकले नाहीत.

आले तेव्हा मीच विचारलं. म्हणाले, "खोटा कशाक बोलू? दुखला. मरियमन कोणाक मत दिल्यान ता पण विचारलंय." मरियमबींनी काय सांगितलं, मी विचारलं. "म्हणाली, गुप्त मतदान तुमीच आणलात मां?" आम्ही दोघंही खूप हसलो. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

पुढची तीन वर्षं मी त्यांना विरोधी पक्षनेते म्हणत असे. दर महिन्याच्या बैठकीत ते दुसऱ्या रांगेत बसत आणि युनूसला प्रश्न विचारून घाम फोडत. युनूसने स्लॅबवर पत्रा टाकून ढाळ दुरुस्त केला, तेव्हा पत्र्याला पन्हळ किती इंचाची, इथपासून त्यांची चौकशी. आणि हळूहळू बाकीचेही विचारायला लागले. हाजीचाचासुद्धा. आता तर म्हणे सगळ्यात लांबलचक प्रश्न त्यांचेच असतात. मी हे बघून आमच्या देवळाच्या बैठकीत एकदा विषय काढला, की व्यवस्था समिती आपणही मतदानाने निवडू. त्यावर विचार चालू आहे. दोन वर्षं झाली, विचार चालूच आहे. भाई भेटले की पहिलं विचारत, "तुमच्या विचाराचा काय झाला?"

दुसरी निवडणूक तोंडावर आली आणि ते गेले.

तिसऱ्या आठवड्यात युनूस माझ्याकडे आला. सोबत जमातीची तीन-चार माणसं. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की या वेळी मतदान नको. भाईंची आठवण म्हणून त्यांच्या मुलाला, नासीरला, मुतवल्ली करायचं, एकमताने. युनूस स्वतःहून पद सोडायला तयार होता. बोलताना त्याने बाहीने डोळे पुसले. "त्यांनी माका चावी दिल्यानी, मी त्यांच्या झिलाक देतंय." माझेही डोळे भरून आले. आणि मी, आयुष्यभर मुलांना मतदानाचं महत्त्व पाठ करून घेतलेली बाई, मान हलवली. वर ठरावाचा मसुदा सुंदर अक्षरात लिहून दिला. इतकंच नव्हे, मरियमबींना आधी दाखवावा म्हणून तो घेऊन मीच त्यांच्याकडे गेले.

नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस मुसलमान बाई घराबाहेर पडत नाही, त्याला इद्दत म्हणतात. मरियमबी माजघरात बसून तांदूळ निवडत होत्या. मी ठराव वाचून दाखवला. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"त्यांका मतान हरयलास. नऊ मतांनी. आठ दिस जेवले नाय सारखे ते, माका ठावक. आणि आता त्यांच्या झिलाक मताशिवाय बसयतास? मगे त्यांचा हरणा फुकट गेला मां, बाईंनु?"

त्या पुढे म्हणाल्या, "नासीराक तरी विचारलास?" नासीर पडवीतच होता. बर्फाच्या कारखान्यात काम करतो, बापासारखाच सडपातळ. तो दाराशी येऊन म्हणाला, "माका कोणी विचारूकच नाय, व्हया काय म्हणान. सगळ्यांनी रडत रडत ठरवल्यानी." मग म्हणाला, "मतदान झाला तर मी उभो ऱ्हवान. फुकटचा नको."

माझ्या हातातला कागद मी घडी करून पर्समध्ये टाकला. परत जाऊन युनूसला आणि बाकीच्यांना काय सांगायचं याची मी वाटेत जुळवाजुळव करत होते, पण तिची गरज लागली नाही. मरियमबी काय म्हणाल्या तेवढं सांगितलं. मग हाजीचाचा म्हणाले, "ती बरोबर बोलली. तारीख धरा." हो, हाजीचाचाच.

गेल्या रविवारी मतदान झालं. कोण निवडून आलं ते मी इथे लिहिणार नाही. मरियमबींनी तशी अटच घातली आहे. "पेपरात कोण जिंकलो ता लिवू नकात. मतदान झाला, इतक्याच लिवा." तर मतदान झालं. मागच्या वेळेपेक्षा जास्त माणसं आली, दोन नव्या सुना आणि कॉलेजात जाणाऱ्या मुली धरून.

सकाळी खोलीतल्या बायकांचं आटोपल्यावर मी पेटी आणि मतदारयादी घेऊन मरियमबींच्या घरी गेले, कारण त्या येऊ शकत नव्हत्या. ही नवी यादी भाईंनी केलेली. शेवटच्या पंधरवड्यात घरोघर फिरून, कागद मांडीवर ठेवून, प्रत्येक बाईचं नाव अमक्याची बायको म्हणून नव्हे तर तिच्या स्वतःच्या नावाने. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे पेन्सिल ओढल्याचा आवाज, मग चिठ्ठी पेटीत पडल्याचा. वळले तर मरियमबी यादी बघत होत्या.

"त्यांचा नाव आसा काय ह्यात?"

होतं. अनुक्रमांक त्रेचाळीस. मुतवल्ली होते म्हणून पहिला नव्हे. घरांच्या रांगेत त्यांचं घर जिथे येतं तिथे. त्या सबंध सकाळी मी तीन वेळा त्या ओळीपाशी थांबले होते आणि पुढे गेले होते.

"काटा," त्या म्हणाल्या. "ऱ्हवला तर उद्या कोणतरी त्यांचा मत घालीत." आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्या थोड्याशा हसल्या.

यादीच्या शेवटी भाईंनी नियम लिहून ठेवले होते. नाव कमी करताना अधिकाऱ्याने रेघ मारून कारण लिहावं आणि घरच्या माणसाची सही घ्यावी. मी रेघ मारली. पुढे 'मयत' लिहिलं, सही केली. खाडीवरून वारा येत होता, म्हणून मरियमबींनी कागदाची कड बोटाने दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने, एकेक अक्षर जपून, आपली सही केली. मग यादी माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "आता माजा बघा, बाईंनु. माजा आसा मां बरोबर?"

होतं. रेघेच्या लगेच खाली, चव्वेचाळीस, त्याच अक्षरात.